वायसर वजनावर घेऊ नये
नट-बोल्ट ढिले का होतात आणि कोणत्या जोडाला कोणता वायसर लावावा

धंद्यात मोठे नुकसान नेहमी मोठ्या वस्तूमुळेच होते असे नाही. काही पैशांच्या वस्तूमुळे हजारोंचा माल अडकतो आणि कधी कधी माणसाच्या जिवावरही बेतते. वायसर ही अशीच एक वस्तू आहे. आम्ही कापडाचे व्यापारी. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, यंत्राचे शास्त्र आम्ही कोणत्या कॉलेजात शिकलो नाही. मग कापडवाल्याने वायसरवर का लिहावे, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या साडूची एक लहानशी शेड आहे. तेथे बारा माग चालतात. टॉवेल आणि गमछे विणले जातात व तो माल आम्ही उचलतो. सामान-सुमानाची खरेदीही आमच्याकडेच असते, कारण इतवारीच्या बाजारात आमचे रोजचे जाणे-येणे. काही वर्षांपूर्वी मागांची दुरुस्ती काढली तेव्हा बोल्ट, नट आणि स्प्रिंग वायसर आम्ही वजनावर, किलोच्या भावाने आणले. चकाचक पांढरे पॉलिश होते. भाव स्वस्त पडला म्हणून आम्ही मनातून खूशही झालो.

चौथ्या दिवशी एका मागाचा धोटा उडाला. माग ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचा अर्थ कळेल. लोखंडी टोकाचा तो लाकडी धोटा गोळीसारखा सुटतो. तो कारीगराच्या कानाजवळून गेला आणि मागच्या भिंतीवर आदळला. मुलगा वाचला, पण ताणा तुटला आणि माल आठ दिवस उशिरा गेला. आम्ही शेडमध्ये गेलो तेव्हा धोट्याच्या पेटीचा बोल्ट ढिला दिसला. आम्ही त्या मुलाला चार माणसांत बोललो, “बोल्ट नीट आवळला नाहीस,” आणि त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.

शेडमधले जुने जॉबर, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, तेव्हा काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मागाखालचा कचरा झाडून काढला आणि आमच्या तळहातावर दोन तुकडे ठेवले. ते स्प्रिंग वायसरचे तुकडे होते. चाचा म्हणाले, “शेठ, बोल्ट पोराने आवळला होता, मी स्वतः पाहिला होता. वायसर तुटून पडला. आता जागाच रिकामी झाली, तर बोल्ट धरणार कशाला?” वायसर आम्ही आणला होता आणि मजुरी मुलाची कापली गेली होती. दुसऱ्या दिवशी त्याची मजुरी परत केली आणि चार माणसांतच चूक कबूल केली. त्यानंतर चाचांकडून, हिंगण्यातल्या दोन-तीन जाणकार फिटरांकडून आणि पुस्तकांतून जे समजून घेतले ते येथे मांडत आहोत.

बोल्ट धरतो कशाने?

बहुतेकांची समजूत अशी की बोल्ट हा खिळ्यासारखा आडवा उभा राहून दोन भाग धरतो. तसे नाही. नट आवळला की बोल्ट लांबीने किंचित ताणला जातो. ताणलेल्या रबराप्रमाणे तो परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. हा दाब हीच जोडाची खरी ताकद. दाब पुरेसा असेल तर दोन भागांमधले घर्षणच त्यांना सरकू देत नाही.

हा दाब किती असतो? दहा मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला बोल्ट नीट आवळला तर सुमारे अडीच टनांचा दाब देतो. बारा मिलिमीटरचा तसाच बोल्ट साडेतीन टनांच्या पुढे जातो. पण हा सगळा दाब किती ताणातून येतो ते पाहा. पाच सेंटिमीटर जाडीचा जोड धरला तर तो दहाचा बोल्ट जेमतेम एक दशांश मिलिमीटर ताणलेला असतो. रंगाचा एखादा जाड थरही साधारण तेवढाच असतो. नटाखाली रंग, गंज, बर किंवा कचरा राहिला आणि चालत्या यंत्रात तो दबला, तर नट जराही न फिरता बोल्टचा ताण निघून जातो. म्हणून नट ढिला सापडला म्हणजे तो फिरलाच असे नाही, कधी खालची जागाच बसलेली असते.

नट फिरतो केव्हा?

पूर्वी असे मानत की वर-खाली हिसके बसल्याने नट सुटतो. जर्मनीचे इंजिनिअर गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि खरे कारण पुढे आले. त्यांनी असे यंत्र बनवले की ज्यात आवळलेल्या जोडाचे दोन भाग आडवे, इकडून तिकडे सरकवले जातात आणि बोल्टमधला ताण सतत मोजला जातो. त्यात दिसले की जोड आडवा सरकू लागला की आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते, आणि बोल्टचा स्वतःचा ताणच नटाला उलटा फिरवतो. थोड्याच हिसक्यांत नट मोकळा होतो. आजही नट-बोल्टची रोखण्याची साधने याच पद्धतीने तपासली जातात.

आता आपला माग घ्या. साधा धोट्याचा माग मिनिटाला १४० फेऱ्यांनी चालला तर आठ तासांच्या पाळीत ६७,२०० वेळा धोटा एका बाजूकडून दुसरीकडे आदळतो. प्रत्येक वेळी पेटीला आडवाच धक्का बसतो. डाळ मिलची चाळणी, दगड फोडण्याचे क्रशर, कॉम्प्रेसर, ट्रॅक्टरला जोडायची अवजारे, सगळीकडे हीच गोष्ट. तेव्हा पहिला इलाज जोड सरकू न देणे हा आहे. म्हणजे पुरेसा दाब, स्वच्छ आणि सपाट जागा, भोकात कमीत कमी मोकळीक, आणि फार धक्क्याच्या जागी पिन किंवा खाच. वायसरचा विचार त्यानंतर करावा.

स्प्रिंग वायसरची खरी किंमत

स्प्रिंग वायसर म्हणजे कापलेले, थोडे पिळलेले कडे. आपल्याकडे त्याची मापे आणि तपासण्या आयएस ३०६३ या भारतीय मानकात दिलेल्या आहेत. बाजारात सर्वांत जास्त खपतो तो हाच. पण त्याच्याबद्दल जेवढा भरवसा आहे तेवढे काम तो करीत नाही.

दहाच्या बोल्टचा स्प्रिंग वायसर साधारण शे-दीडशे किलोंच्या आतच पूर्ण चपटा होतो. बोल्टचा दाब तर अडीच टन. म्हणजे पूर्ण आवळलेल्या ८.८ बोल्टखाली तो कधीच चपटा होऊन बसलेला असतो आणि साध्या वायसरसारखाच वागतो. त्याची स्प्रिंग जागी होते ती जवळजवळ सगळा ताण गेल्यावर, आणि तेव्हा जोड आधीच सरकू लागलेला असतो. अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेने १९९० साली काढलेल्या नट-बोल्टच्या पुस्तिकेतही या वायसरचा नट रोखण्यासाठी उपयोग नाही, असाच निष्कर्ष आहे. जर्मनीने या वायसरचे आपले डीआयएन १२७ हे मानक १९९३ साली मागे घेतले. स्टार वायसर वगैरेंची मानकेही पुढे त्याच वाटेने गेली.

मग स्प्रिंग वायसर फेकून द्यावा का? नाही. लाकूड, प्लास्टिक, फायबर असे दबणारे भाग असतील, बोल्ट लहान किंवा हलक्या दर्जाचा असेल आणि हिसके नसतील, तेथे खालचा भाग थोडा बसला तरी तो कड्याने भरून निघतो. पत्र्याचे झाकण, गार्ड, बोर्डाचे पॅनेल, येथे तो चालतो. पण जोरदार हिसक्याच्या, मजबूत बोल्टच्या जोडाला “स्प्रिंग वायसर टाकला, आता बेफिकीर” असे म्हणणे ही फसगत आहे.

आणखी एक रोजची चूक. स्प्रिंग वायसरच्या खाली साधा वायसर घालतात. त्यामुळे कड्याची धार जॉबला न चावता साध्या वायसरला चावते आणि साधा वायसर नटासोबत सगळाच फिरतो. लांबट भोक असेल तर खाली जाड वायसर हवाच, पण मग नट रोखायला दुसरा उपाय निवडावा.

कोणत्या जोडाला काय?

साधा वायसर नट रोखत नाही. त्याचे काम दाब पसरवणे. मजबूत बोल्टखाली पातळ, मऊ पत्र्याचा वायसर घातला तर तो वाटीसारखा दबतो आणि ताण जातो. तेथे कडक व जाड वायसर मागून घ्यावा.

स्टार वायसर, म्हणजे दातेरी चकती. तिचे दाते रंग व गंज खरवडून धातूला भिडतात, म्हणून विजेच्या अर्थिंगला ती उत्तम. जड यंत्राच्या हिसक्याला तिचा भरवसा धरू नये.

डिस्क स्प्रिंग, म्हणजे उथळ बशीसारखा वायसर. फ्रान्समधील बेलव्हिल यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि त्याचे पेटंट १८६७ सालचे आहे. तो भरपूर जोर सहन करून स्प्रिंगसारखा राहतो. जेथे तापून-थंड होऊन जोड ढिला पडतो, उदाहरणार्थ अॅल्युमिनियमच्या विजेच्या पट्ट्या, तेथे तो योग्य.

टॅब वायसर, ज्याची एक जीभ जॉबवर आणि दुसरी नटाच्या बाजूवर मोडतात. नट गळून पडत नाही हा त्याचा फायदा. पण ताण टिकवण्याची हमी त्यात नाही, आणि एकदा मोडलेली जीभ पुन्हा वापरू नये.

वेज वायसर, म्हणजे दोन चकत्यांची जोडी. स्वीडनच्या नॉर्ड-लॉकमुळे तो प्रसिद्ध झाला. दोन चकत्यांच्या आतल्या बाजूला उतार असतात आणि बाहेरच्या बाजूला दाते. उताराचा कोन आट्यांच्या कोनापेक्षा मोठा ठेवलेला असतो. नट उलटा फिरू लागला की उतार एकमेकांवर चढतात, बोल्ट आणखी ताणला जातो आणि नट अडतो. खऱ्या हिसक्याच्या जागी हे उत्तम साधन आहे, पण महाग आहे. उतारांची तोंडे समोरासमोरच बसवावीत, उलटी बसवली तर पैसे पाण्यात. लाकडावर किंवा खाली मोकळा फिरणारा साधा वायसर ठेवून ते वापरू नयेत.

वायसर सोडूनही उपाय आहेत. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेला, ताण गेला तरी गळून पडत नाही. सुमारे १२० अंशांच्या पुढे तापणाऱ्या जागी तो लावू नये, आणि हाताने सहज शेवटपर्यंत फिरू लागला की टाकून द्यावा. आट्यांना लावायचे औषध, ज्याला सगळे लॉकटाइट म्हणतात, हवा कोंडल्यावर घट्ट होते. आटे तेलकट असतील तर ते नीट धरत नाही, आणि त्यातला कडक प्रकार उघडायला जोड तापवावा लागतो. दोन नट लावायचे तर पातळ नट आधी, जॉबच्या बाजूला, बेताने आवळावा. मग त्याच्यावर जाड नट पूर्ण जोराने. पुष्कळ ठिकाणी हे नेमके उलटे दिसते. आणि जेथे नट सुटला तर जीव जाईल, तेथे खाचेचा नट आणि आरपार पिन याला पर्याय नाही.

चकाकी आणि तडा

आमचे वायसर तुटले का? कडक पोलादाला विजेच्या पॉलिशने जस्त चढवताना अॅसिड व पॉलिशच्या टाकीतून हायड्रोजन वायू पोलादात शिरतो. वस्तू जितकी कडक तितका धोका जास्त. मग ती वस्तू आवळताना तुटत नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी, उभ्या उभ्या तडकते. आमच्या वायसरांनी चौथा दिवस गाठला होता. यावर इलाज असा की पॉलिशनंतर लवकरात लवकर, चार तासांच्या आत, माल सुमारे २०० अंशांवर काही तास भट्टीत भाजावा. पॉलिशचे काम करणाऱ्या आमच्या भावांना ही गोष्ट आवर्जून सांगतो. भाजण्याचा खर्च वाचवाल तर तो दुसऱ्या कोणाच्या जिवावर वाचवाल. आणि खरेदी करणाऱ्यांनी हे विचारावे. दुकानदाराला “भाजलेला आहे का” हा प्रश्नच समजला नाही, तर काळा, तेलातला वायसर घेणे बरे.

तुटलेला स्प्रिंग वायसर गळून पडला की दोन-अडीच मिलिमीटरची जागा एकदम मोकळी होते. ज्या जोडाचा सारा ताण एक दशांश मिलिमीटरवर उभा आहे, त्याचे काय होणार? म्हणजे खराब वायसर नसण्यापेक्षा वाईट.

खरेदी करताना

बोल्टच्या डोक्यावर दर्ज्याचा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण पाहावी. डोके कोरे असेल तर तो हलका समजावा. मूठभर वायसरमधून दोन-चार उचलून व्हाइसमध्ये पूर्ण चपटे दाबावेत आणि सोडावेत. जो परत उठत नाही तो मऊ, जो तडकतो तो ठिसूळ. जुने माग इंची आट्यांचे आहेत हे विसरू नये. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. बारा मिलिमीटरचा बोल्ट अर्ध्या इंचाच्या नटात चार आटे फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि जोर आला की आटे खरवडून निघतो. दोन्ही मापांचे डबे वेगळे ठेवावेत.

आवळण्याचेही माप आहे. कोरड्या आट्यांच्या ८.८ बोल्टला साधारण असे धरावे: आठला २५, दहाला ५०, बाराला ८५ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर दहाच्या बोल्टसाठी एक फूट लांब पान्याच्या टोकाशी सोळा-सतरा किलोंचा जोर, एवढा अंदाज ठेवावा. आट्यांना तेल असेल तर तेवढ्याच जोरात ताण कितीतरी वाढतो, म्हणून जोर कमी करावा. पान्याला पाइप लावून आवळणे ही बहादुरी नव्हे, बोल्ट त्यातच मरतो.

आवळून झाले की रंगाची एक बारीक रेघ बोल्टवरून, नटावरून, जॉबपर्यंत ओढावी. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. हे शून्य खर्चाचे काम आहे. नवा जोड पहिल्या एक-दोन पाळ्यांनंतर बंद यंत्रावर एकदा पुन्हा तपासावा, कारण रंग व खडबडीतपणा याच काळात दबतो.

चाचांनी काय केले?

त्यांनी पेटीखालचा रंग खरवडला, ८.८ चे बोल्ट घातले, मध्ये एक कडक बुश टाकून बोल्टची लांबी वाढवली, कारण लांब बोल्ट जास्त ताणला जातो आणि जागा थोडी बसली तरी त्याचा ताण टिकतो. वर कडक जाड वायसर आणि नायलॉक नट. सर्वांत जास्त मार खाणाऱ्या दोन जागी वेज वायसर. मागाच्या लाकडी भागांवर मात्र जुना स्प्रिंग वायसरच ठेवला, पण तपासून घेतलेला. बारा मागांचा हा सारा खर्च त्या आठ दिवसांच्या एका उशिरापेक्षा कमी निघाला. तेव्हापासून त्या पेट्यांचा बोल्ट ढिला सापडलेला नाही, आणि रेघ रोज पाहिली जाते.

हे प्रश्न फक्त लहान शेडचे नाहीत. इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार येथे १० मे २००२ रोजी रेल्वे घसरली आणि सात माणसे गेली. चौकशीत रुळांच्या सांध्याचे नट सुटलेले आढळले. तेथे माणसे, पैसा, यंत्रणा काही कमी नव्हते.

आपल्या वाचकांत माल विकणारे आहेत, पॉलिश करणारे आहेत, फिटर आहेत आणि आमच्यासारखे, जे फक्त बिल पाहतात, तेही आहेत. बिल पाहणाऱ्यांना शेवटी एवढेच सांगायचे आहे. यंत्र बिघडले की आपला हात आधी कारीगराच्या मजुरीकडे जातो. त्याआधी आपण त्याच्या हातात काय सामान दिले होते ते एकदा पाहावे. त्या दोन तुकड्यांची पुडी आम्ही गल्ल्यात ठेवली आहे. खरेदीला निघताना ती दिसते.